न पिकविलेल्या कापसाचे मोल



अमेरिकेतील एका काउंटीत सरकार शेतकऱ्यांना पैसा कसा वाटते, या विषयासाठी आपण उन्हाळ्याच्या संध्याकाळी एवढ्या संख्येने याल असे मला वाटले नव्हते. विषय जाहीर झाल्यावर एका स्नेह्यांनी मला सरळच विचारले, की परक्या मुलखातल्या पैशाशी आपल्या गावाला काय कर्तव्य आहे? प्रश्न रास्त आहे. त्याचे एका शब्दातले उत्तर कापूस असे आहे. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, दक्षिणेची बंदरे बंद पडली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना रुई मिळेना. तेव्हा वऱ्हाडातील खामगाव-अमरावतीच्या पेठांत रुईचे भाव असे चढले, की जुन्या माणसांच्या बोलण्यात ती तेजी पुढे कितीतरी वर्षे राहिली. १८६५ साली युद्ध संपले आणि तो भाव ओसरला. तेव्हापासून मिसिसिपीच्या काठचा कापूस आणि आपल्या काळ्या जमिनीतली पऱ्हाटी या एकमेकींना कधी पाहिल्या नाहीत, तरी एकाच तराजूच्या दोन पारड्यांत बसून आहेत.

दुसरेही एक नाते आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' प्रसिद्ध केली, ती गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केली. ज्यांच्या मुक्तीचा त्यांना एवढा आनंद वाटला, त्या माणसांचे पुढे काय झाले, याची चौकशी आपण फारशी केलेली नाही. आजच्या व्याख्यानात ती थोडीशी होईल. मी त्या मुलखात राहिलेलो नाही. माझा आधार कायदे, सरकारी अहवाल आणि छापील इतिहास एवढाच आहे.

या काउंटीचे नाव सनफ्लॉवर, म्हणजे सूर्यफूल. हे नाव तिथल्या नदीवरून पडले. पीक मात्र कापसाचे. मिसिसिपी राज्याच्या वायव्येस, मिसिसिपी आणि याझू या नद्यांच्या मधल्या गाळाच्या सपाट पट्ट्याला तिकडे डेल्टा म्हणतात. भूगोलाच्या पुस्तकातला नदीमुखाजवळचा त्रिभुज प्रदेश तो हा नव्हे. समुद्र तेथून फार दूर आहे. जमीन मात्र अशी, की तिच्यासारखी जमीन जगात थोडी. काउंटी म्हणजे आपल्या मोठ्या तालुक्याएवढी वसाहत समजा. मुख्य गाव इंडियनोला. १९३० साली या काउंटीत सुमारे ६६ हजार माणसे राहत होती. २०२० च्या शिरगणतीत ती २६ हजारही भरली नाहीत. रोगराई नाही, युद्ध नाही, जमीन नापीक झाली नाही, उलट सरकारी पैसा वर्षानुवर्षे येत राहिला, आणि माणसे मात्र निम्म्याहून कमी झाली. हे कसे घडले ते मला सांगावयाचे आहे.

प्रथम जुनी व्यवस्था पाहू. गुलामगिरी कायद्याने गेली, पण जमीन ज्याची त्याच्याकडेच राहिली. मोठमोठे मळे, आणि त्यांवर अर्धेलीने राबणारी हजारो कृष्णवर्णीय कुटुंबे. मालक जमीन, बी, खेचर आणि राहण्यास खोपट देई, वाटेकरी घरच्या बायकापोरांसह अंग मोडून काम करी, आणि पीक अर्धे-अर्धे वाटावयाचे. ऐकावयास हे न्याय्य वाटते. परंतु मार्चपासून सुगीपर्यंत पोटाला काय? त्यासाठी मालक खावटी देई. ती बहुधा मळ्यावरच्याच दुकानातून, मालक लावील त्या भावाने आणि मालक सांगेल त्या व्याजाने. डिसेंबरात हिशेब होई. वही मालकाची, वाचणारा मालक, आणि ऐकणाऱ्याला बहुधा अक्षरओळख नाही. वाटेकऱ्याच्या अर्ध्या हिश्शातून खावटी वजा जाता कधी थोडे डॉलर हाती पडत, पुष्कळदा उलट बाकी निघे. आपल्याकडील खोत आणि सावकार ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना यापेक्षा अधिक सांगण्याची गरज नाही.

आता १९३३ साल. पहिल्या महायुद्धानंतर १९१९ साली कापसाला पौंडास सुमारे ३५ सेंट मिळत होते. १९३२ पर्यंत ते सहा सेंटांच्या आसपास आले. गोदामे जुन्या रुईने भरलेली. मालक बुडाला, त्याच्याबरोबर बँक बुडाली, आणि वाटेकऱ्याची खावटीही आटली. फ्रँकलिन रूझवेल्ट अध्यक्ष झाले, हेन्री वॉलेस शेतीखात्याचे मंत्री झाले आणि १२ मे १९३३ रोजी शेती-समायोजनाचा कायदा झाला. कायद्यामागील विचार साधा होता. १९०९ ते १९१४ या काळात शेतमालाच्या किमतीत शेतकऱ्याला जेवढी बाजारची वस्तू मिळत असे, तेवढी पुन्हा मिळावी. या तोलाला त्यांनी 'पॅरिटी' म्हटले. आपण समतोल भाव म्हणू. भाव चढवावयाचा तर माल कमी पिकला पाहिजे, आणि शेतकऱ्याने कमी पिकवावे म्हणून सरकारने त्याला भरपाई दिली पाहिजे.

अडचण अशी, की कायदा झाला तोवर कापूस उगवून वर आला होता. मग सरकारने सांगितले, उभे पीक नांगरून टाका. एकरी ७ ते २० डॉलर रोख. त्या उन्हाळ्यात दक्षिणेत सुमारे एक कोटी एकरांवरचा कापूस जमिनीत गाडला गेला. त्या वेळची एक हकीकत पुष्कळांनी लिहून ठेवली आहे. कापसाच्या ओळीवर पाय पडू द्यावयाचा नाही हे शिक्षण खेचरांना जन्मभर मिळालेले. आता तीच ओळ तुडवा म्हटल्यावर ती चालेनात. चाबूक मारला तरी बाजूच्या सरीतूनच चालत. अर्थशास्त्रज्ञांना पटलेली गोष्ट जनावरांना पटली नाही, अशी थट्टा त्या काळी होत असे. थट्टेचा भाग सोडा. भाव वर्षभरात दहा सेंटांच्या घरात गेला, हेही खरे. सरकारने हात घातला नसता तर मालक आणि वाटेकरी दोघेही त्याच वर्षी देशोधडीस लागले असते. शेतकऱ्याला मदत दिली हेच चुकले असे म्हणणारे काही पंडित आहेत, त्यांच्या बाजूचा मी नाही.

प्रश्न पुढे आहे. मदत कोणाच्या हातात पडली?

१९३४-३५ चा कापसाचा करार मुळातून पाहण्यासारखा आहे. पडीक ठेवलेल्या जमिनीवर जेवढा कापूस पिकला असता, त्यावर सरकार पौंडामागे साडेचार सेंट देणार. पैकी साडेतीन सेंट हे जमिनीचे भाडे, म्हणून ते मालकाचे. उरला एक सेंट तो समतोल भावाचा. त्यातील अर्धा मालकाचा, अर्धा वाटेकऱ्याचा. म्हणजे चार सेंट एकाला, अर्धा सेंट दुसऱ्याला. पिकाची वाटणी अर्धीअर्धी, आणि न पिकविलेल्या पिकाची वाटणी आठास एक! आणि तो अर्धा सेंटही मालकाच्याच हातून जावयाचा. तो खावटीच्या वहीत जमा होऊन गेला तर वाटेकऱ्याने दाद कोणाकडे मागावयाची?

हे अज्ञानातून झाले असे कोणी समजू नये. कायदा राबविणाऱ्या खात्याचे अर्थविभागप्रमुख ऑस्कर जॉन्स्टन हे होते. शेजारच्या बोलिव्हर काउंटीतील इंग्रज सूतगिरणीवाल्यांच्या मालकीच्या प्रचंड मळ्याचे व्यवस्थापकही तेच होते. मनुष्य कर्तबगार, परंतु वाटणीचा मसुदा ज्या टेबलावर ठरत होता, त्या टेबलाशी वाटेकऱ्यांपैकी कोणी नव्हता.

त्याच करारात सातवे एक कलम होते. मालकाने शक्यतो आपल्या कुळांची संख्या पूर्वीइतकी ठेवावी, असे त्यात म्हटले होते. या 'शक्यतो' शब्दाने किती घरे उठविली याचा हिशेब कोणी ठेवला नाही. एवढी जमीन पडीक ठेवायची तर तेवढी माणसे तरी कशाला, असे मालकाचे साधे गणित होते. जुलै १९३४ मध्ये नदीपलीकडे आर्कान्सा राज्यातील टायरोन्झा गावी अठरा माणसे जमली. त्यांत अकरा गोरे आणि सात कृष्णवर्णीय होते. त्यांनी दक्षिणी कुळांचा संघ स्थापन केला. त्या काळी त्या मुलखात दोन वर्णांची माणसे एका बाकावर बसून ठराव करतात, हीच केवढी धाडसाची गोष्ट! खात्यातील काही तरुण वकिलांनी सातव्या कलमाचा अर्थ कुळांच्या बाजूने लावला, की मालकाने केवळ संख्या नव्हे, तीच माणसे ठेवली पाहिजेत. फेब्रुवारी १९३५ मध्ये त्या वकिलांनाच नोकरीवरून दूर करण्यात आले. वॉलेस मनाने गरिबांच्या बाजूचे होते असे म्हणतात. असतीलही, पण दक्षिणेच्या सेनेटरांच्या मतांवाचून त्यांचे कोणतेच विधेयक पार पडत नव्हते.

१९३६ च्या जानेवारीत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मूळ कायदा घटनाबाह्य ठरविला. सरकारने जमिनीच्या जतनाचे नाव देऊन तो नव्या रूपात आणला आणि १९३८ साली पुन्हा पक्का केला. या फेऱ्यात वाटेकऱ्याचा हिस्सा थोडा वाढविला, आणि तो थेट त्याला मिळावा अशी तरतूदही झाली. आता गंमत पाहा. गंमत म्हणण्यासारखी ती नाही, पण दुसरा शब्द सुचत नाही. वाटेकऱ्याला वाटा देणे कायद्याने भाग पडले, तेव्हा मालकाने वाटेकरीच ठेवला नाही. तोच मनुष्य, त्याच खोपटात, रोजंदारीचा मजूर झाला. मजुराला सरकारी मदतीत हिस्सा नव्हता. आलेल्या पैशातून ट्रॅक्टर घेतला, की खेचरेही गेली आणि मजूरही उतरले. १९४४ साली शेजारच्या कोहोमा काउंटीतील एका मळ्यावर पेरणीपासून वेचणीपर्यंत सर्व कापूस यंत्रावर काढून दाखविण्यात आला. हाताने वेचलेल्या गाठीला वेचणीचा खर्च ३९ डॉलरांवर, यंत्राने वेचलेल्या गाठीला पाच डॉलरांच्या किंचित वर. या आकड्यांपुढे माणूस टिकणार नव्हता. केवळ मदतीमुळे माणसे उठली असे मी म्हणत नाही. यंत्र कधीतरी आलेच असते. पण ते यंत्र विकत घेण्याचा पैसा सार्वजनिक होता, आणि ज्यांना त्याने उठविले, त्यांना त्या पैशातून गाडीभाडेही मिळाले नाही. ते शिकागोला, सेंट लुईला गेले. संगीताच्या शोकिनांना बी. बी. किंग हे नाव माहीत असेल. इंडियनोलाजवळच्या मळ्यावर ते तरुणपणी ट्रॅक्टर चालवीत. ट्रॅक्टरवाला म्हणजे तेथे मानाचा मनुष्य. तेही गिटार घेऊन गेले ते गेलेच.

आता समित्यांविषयी. माझ्या मते या सगळ्या कहाणीची खरी किल्ली येथे आहे. शेतीखात्याने कारभार वॉशिंग्टनच्या हाती ठेवला नाही. प्रत्येक काउंटीत शेतकऱ्यांनी निवडलेली तिघांची समिती नेमली. कोणी किती एकर कापूस लावावयाचा, कोणाचे उत्पन्न किती धरावयाचे, कोणाची तक्रार ऐकावयाची, हे सर्व ती समिती ठरवी. विकेंद्रीकरण, लोकशाही, स्थानिक स्वराज्य हे शब्द आपल्याला किती प्रिय आहेत! परंतु ज्या काउंटीत बहुसंख्य माणसांना मतदारयादीत नाव घालू देत नाहीत, तेथे स्थानिक स्वराज्य म्हणजे स्थानिक बड्यांचे राज्य. १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत दक्षिणेतील काउंटी समित्यांवर कृष्णवर्णीय सभासद जवळजवळ नव्हताच. १९६५ साली अमेरिकेच्या नागरी हक्क आयोगाने शेतीखात्याच्या कारभाराची चौकशी करून अहवाल दिला, त्यात या गोष्टी नोंदल्या आहेत. ज्याने मतदानाचा अर्ज भरला, त्याची कापसाची परवानगी दोन एकरांनी घटे, बी-बियाण्याचे कर्ज मेमध्ये मंजूर होई. पेरणी एप्रिलात! अशा कारभारात कागदावर कोठेही अन्याय दिसत नाही, फक्त तारीख चुकलेली दिसते.

या काउंटीतील दोन माणसांची नावे घेतो, म्हणजे चित्र पुरे होईल. एक जेम्स ईस्टलँड. डॉड्सव्हिल गावाजवळ पाच हजारांहून अधिक एकरांच्या मळ्याचे मालक. १९४३ ते १९७८ अमेरिकेच्या सेनेटचे सभासद, तेथील न्यायविषयक समितीचे १९५६ पासून अध्यक्ष. नागरी हक्कांची विधेयके याच समितीपुढे येत आणि पुष्कळदा तेथेच निजत. शेतीविषयक समितीवरही हे गृहस्थ होतेच. दुसऱ्या फॅनी लू हेमर. तेथून काही मैलांवरच्या रूलव्हिल गावाजवळच्या मळ्यावर वाटेकरीण. आईबापांच्या वीस मुलांतील विसावी. सहाव्या वर्षापासून कापूस वेचणारी. लिहितावाचता येई म्हणून पुढे मळ्यावर वजनाची आणि हजेरीची नोंद ठेवण्याचे काम तिच्याकडे आले. तराजूच्या दांडीवरचे सरकते वजन मालकाचे खोटे असे. बाई आपल्याजवळ खरे वजन बाळगी, आणि मालकाची पाठ वळली की ते लावून वेचणाऱ्यांचा कापूस तोली. पुढे ही बाई देशभर प्रसिद्ध झाली, भाषणे झाली, मानसन्मान झाले. मला मात्र तिचे सारे मोठेपण त्या पदरात लपविलेल्या लोखंडाच्या तुकड्यात दिसते. ३१ ऑगस्ट १९६२ रोजी ती इंडियनोलाच्या कचेरीत मतदार म्हणून नाव नोंदवावयास गेली. त्याच रात्री अठरा वर्षे राबलेल्या मळ्यावरून तिला हाकलून देण्यात आले.

१९६५ साली काँग्रेसने कापसाची योजना बदलली. तोपर्यंत सरकार भाव उंच धरी: शेतकरी आपली रुई तारण ठेवून ठरीव भावाने कर्ज घेई, बाजार चढला तर कर्ज फेडून माल सोडवी, न चढला तर माल सरकारच्या गळ्यात टाकून मोकळा होई. गोदामे भरत. तो भरलेला माल, गहू असो, मिलो असो, कापूस असो, १९५४ च्या सुप्रसिद्ध ४८० क्रमांकाच्या कायद्याने परदेशांत जाई. रेशनच्या दुकानातली लाल मिलो ज्यांच्या घरी आली होती, ते या कहाणीच्या दुसऱ्या टोकाशी बसून जेवले आहेत. १९६६ पासून तारणभाव २१ सेंटांवर आणला आणि त्याऐवजी शेतकऱ्याला रोख धनादेश सुरू झाले. पेरा ३५ टक्क्यांपर्यंत कमी करणाऱ्याला आणखी. याचा एक अनपेक्षित परिणाम झाला. पूर्वी मदत भावात मुरलेली असे, दिसत नसे. आता ती नावापुढच्या आकड्यांत दिसू लागली. याद्या सभागृहात वाचल्या गेल्या. ईस्टलँड यांच्या मळ्याला वर्षाला एक लाख डॉलरांहून अधिक रक्कम मिळत असल्याचे जगाला कळले. त्याच राज्यात निराधार कुटुंबातील एका मुलासाठी महिन्याला सरकारी मदत दहा डॉलरांच्या आसपास होती. एका मदतीला आधार म्हणत, दुसऱ्या मदतीला भीक म्हणत. दोन्ही एकाच तिजोरीतून येत होत्या.

पेरा घटल्याने निंदणी-वेचणीची कामे घटली. १९६५ साली डेल्टातील मजुरांना दिवसाला तीन डॉलर मिळत. त्यांनी संघ करून संप केला, पण यंत्रापुढे संप चालत नाही. फेब्रुवारी १९६७ पासून मोठ्या शेतांवर तासाला एक डॉलर किमान वेतन देण्याचा कायदा लागू झाला, आणि मालकांनी निंदणीला माणसांऐवजी तणनाशके आणली. भुकेचे काय, तर सरकारच्या शिलकी धान्याचे वाटपही काउंटीच्या मर्जीवर. १९६२ च्या हिवाळ्याआधी शेजारच्या लेफ्लोर काउंटीने ते वाटप बंदच केले. मतदारनोंदणीच्या चळवळीला तो जबाब होता. पुढे फुकट धान्याऐवजी अन्नाची तिकिटे आली, ती रोख पैसे देऊन घ्यावी लागत. ज्याच्याकडे रोख मिळकतच नाही त्याने काय करावे? ही अट १९७७ साली कायद्याने काढली गेली.

हेमरबाईंनी तोंडाने न बोलता उत्तर दिले. १९६९ साली देणग्या गोळा करून चाळीस एकर जमीन घेतली, सहकारी शेत उभे केले. भाजीपाला पिकविणाऱ्यांनी खावा, कापूस-सोयाबीन विकून हप्ते भागवावेत. त्याआधी डुकरिणींची बँक काढली होती. कुटुंबाला गाभण डुकरीण द्यावयाची, तिची काही पिले परत आली की ती दुसऱ्या कुटुंबाला. गाईबकऱ्यांच्या अशा योजना आपल्याकडेही पुष्कळ झाल्या. शेत वाढत वाढत सहाशे एकरांवर गेले. मग अवकाळी पाऊस, कर्ज, बाईंचे आजारपण. १९७० च्या दशकाच्या मध्यावर जमीन हातची गेली. १९७७ साली बाई वारल्या. भांडवल अपुरे आणि व्यवस्थापन कच्चे होते, असे अभ्यासक म्हणतात आणि ते खोटे नाही. पण शेजारच्या पाच हजार एकरांना वाईट वर्षी सरकारचा धनादेश सावरून धरीत होता, ही बाब त्या व्यवस्थापनाच्या चर्चेत फारशी येत नाही.

मोठ्या रकमांचा गवगवा झाला म्हणून १९७० साली मर्यादा घातली गेली: एका पिकामागे एका व्यक्तीस ५५ हजार डॉलर. पुढे ती आणखी उतरविली. त्याबरोबर शेतांच्या 'व्यक्ती' वाढल्या. मुलगा, सून, जावई, भागीदारी, कंपनी, कंपनीतली कंपनी. कागदावर काढलेला हा शाखांचा विस्तार एवढा डौलदार दिसे, की तिकडे त्याला 'मिसिसिपीचे नाताळचे झाड' म्हणू लागले. आपल्याकडे कमाल जमीनधारणेच्या कायद्याच्या वेळी बैलांच्या आणि न जन्मलेल्या नातवंडांच्या नावांनी सातबारे झाले म्हणून सांगतात. तेव्हा हसण्याचे कारण नाही.

आता तो दुसऱ्या पारड्याचा भाग. २००१ च्या शरदात न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात रुई पौंडाला ३० सेंटांच्याही खाली गेली. अमेरिकन उत्पादकाला तारणभाव ५२ सेंटांचा होता, आणि २००२ च्या कायद्याने ७२.४ सेंट हा लक्ष्यभाव ठरवून दिला. जगात भाव कोसळला तर सर्वत्र पेरा घटतो. तेथे तो घटण्याचे कारण नव्हते. यवतमाळ-वर्ध्याच्या कोरडवाहू शेतकऱ्याला त्याच बाजाराशी गाठ होती, आणि त्याची एकाधिकार खरेदी योजना, १९७२ साली सुरू झालेली, तोवर कर्जाखाली वाकली होती. विदर्भातील संकटाचे खापर सनफ्लॉवर काउंटीवर फोडणे खरे होणार नाही. पाऊस, बियाणे, सावकार, बँका, आपले सरकार, सर्वांचा त्यात वाटा आहे. पण भावाचा काही भाग तिकडे ठरत होता. ब्राझीलने २००२ साली जागतिक व्यापार संघटनेकडे फिर्याद नेली आणि २००५ पर्यंत ती जिंकली. २००३ साली कानकुनच्या परिषदेत बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या चार गरीब देशांनी कापसाचा प्रश्न मांडला. अमेरिकेने काय केले? मदत लगेच थांबविली नाही. ब्राझीलच्या कापूस उत्पादकांना वर्षाला १४ कोटी ७३ लाख डॉलर देण्याचे २०१० साली कबूल केले आणि २०१४ साली एकरकमी ३० कोटी देऊन वाद मिटविला. म्हणजे आपल्या शेतकऱ्याला अनुदान देता यावे म्हणून परक्या शेतकऱ्यालाही अनुदान! ज्यांनी खटला चालविला नाही, त्या माली आणि यवतमाळच्या वाट्याला या पैशातले काही आले नाही. २०१४ साली कापूस मुख्य योजनेतून वगळला गेला. २०१८ साली 'सरकीसह कापूस' या नावाने परत आत आला.

अन्यायाची भरपाई मागणारे खटले आत अमेरिकेतही झाले. १९९९ साली कृष्णवर्णीय शेतकऱ्यांचा शेतीखात्याशी समेट झाला आणि एक अब्ज डॉलरच्या वर रक्कम वाटली गेली. २०१० साली आणखी सव्वा अब्जाची तरतूद झाली. २०२१ साली कर्जमाफीचा कायदा झाला, तो कोर्टात अडकला आणि २०२२ साली रद्द करून त्याऐवजी नवा निधी काढला. जुलै २०२४ मध्ये त्यातून ४३ हजारांवर माणसांना सुमारे दोन अब्ज डॉलर मिळाले. या रकमेचा मोठा भाग मिसिसिपी आणि अलाबामा या दोन राज्यांत गेला. पैसे घेणाऱ्यांतील पुष्कळांकडे तोवर जमीन उरलेली नव्हती.

आणि मजूर? २०२१ साली इंडियनोलाच्या परिसरातील सहा कृष्णवर्णीय शेतमजुरांनी आपल्या मालकाविरुद्ध फिर्याद केली. मालकाने हंगामी परवान्यावर दक्षिण आफ्रिकेतून गोरे मजूर आणले होते. स्थानिकांना तासाला सव्वासात डॉलर, पाहुण्यांना २०२० साली ११.८३ डॉलर. कामही आधी त्यांनाच, आणि नवख्यांना काम शिकवावयाचे यांनी. डिसेंबर २०२२ मध्ये तो वाद समेटाने मिटला. या मजुरांतील काहींचे बापआजे त्याच परिसरात कापूस वेचीत होते.

आपल्याकडे २०१९ पासून शेतकरी कुटुंबाच्या खात्यावर वर्षाला सहा हजार रुपये जमा होतात. ते जमिनीच्या नोंदीवर होतात. बटईने करणाऱ्याचे नाव सातबाऱ्यावर नसते. तोंडी बटई किती चालते हे या सभागृहातील शेतमालक मंडळींना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. म्हणून मी त्यांनाच विचारतो: तुमच्या शेतावर जो राबतो, त्याचे नाव गेल्या हंगामात कोणत्या सरकारी कागदावर होते?

अध्यक्षांनी घड्याळाकडे दोनदा पाहिले आहे. आकड्यांविषयी कोणाला शंका असतील तर सभा संपल्यावर मी येथेच व्यासपीठाजवळ थांबतो.